बोर्डावर नसलेला अकरावा

जबलपूरला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी कॅप्टन होते. काम होतं वय उलटलेला दारूगोळा नष्ट करण्याचं. सिव्हिलियन मंडळींना वाटतं, गोळे फक्त शत्रूवर पडतात. तसं नाही. गोळ्यांनाही वय असतं. ते उलटलं की त्यांना कोठारात ठेवणं धोक्याचं होतं. मग ते रेंजवर न्यायचे, खड्ड्यात रचायचे, वर स्फोटकं बांधायची आणि लांबून उडवून द्यायचे. या कामाला आम्ही डिमॉलिशन म्हणतो आणि खड्ड्याला पिट.

आमची रेंज पनागरच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत होती. पार्टी अकरा जणांची. मी, एक सुभेदार, एक हवालदार आणि आठ जवान.

अठरा वर्षांपूर्वीच्या एका सकाळबद्दल मी कोर्ट ऑफ एन्क्वायरी सोडून कुठेही बोलले नव्हते. आता लिहिते आहे, कारण त्या सकाळचा खोटा वृत्तांत पत्र्याच्या बोर्डावर रंगवून रेंजच्या फाटकाशी लावला आहे, आणि त्यात पुरावा म्हणून माझा समावेश केला आहे. मला कोणी विचारलं नाही.

सुभेदार तिवारी रीव्याकडचे. पंचवीस वर्षं नोकरी झालेली, कामात चोख, देवभोळे. रेंजच्या फाटकाशी देवीचं एक लहान देऊळ होतं. डिमॉलिशनच्या दिवशी गाड्या तिथे थांबायच्या. तिवारी साहेब नारळ फोडायचे आणि प्रत्येकाच्या कपाळावर टिळा लावायचे. मगच गाड्या आत जायच्या. असा कुठलाही लेखी हुकूम नव्हता. पण युनिटमध्ये अशा गोष्टी हुकमापेक्षा पक्क्या असतात.

हवालदार सुखदेव रामटेके भंडाऱ्याकडचा, बौद्ध. माझ्याशी मराठीत बोलणारा पार्टीतला एकटा. तोही टिळा लावून घ्यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "टिळ्यानं काही बिघडत नाही मॅडम, अन् सुधरतही नाही. साहेबाचं मन राहते."

मीही लावून घ्यायची. गैरसमज नको म्हणून आताच सांगते. माझ्या घरी देव्हारा आहे, आईचा. रोज सकाळी मी तिथे दिवा लावते. का लावते याचं कारण मला देता येणार नाही, आणि आजवर देवाने ते मागितलेलं नाही. माझं भांडण देवाशी नाही.

आता मोजणीचा नियम. पिट एकाच वेळी उडत नाहीत. प्रत्येकाची फ्यूज, म्हणजे जळत जाणारी वात, कमीजास्त लांबीची कापतात, म्हणजे स्फोट एकामागून एक होतात. आपण बंकरमध्ये बसून आवाज मोजायचे. बंकरच्या तोंडाशी मातीचा बांध असतो, त्यामुळे पिट दिसत नाहीत. तीन जण मोजतात. प्रत्येकाने आकडा आधी आपल्या वहीत लिहायचा, मग बोलायचा. म्हणजे दुसऱ्याचं ऐकून कोणी आपला आकडा बदलत नाही. आणि तिघांत फरक पडला तर सगळ्यांत कमी आकडा खरा मानायचा. तिथे बहुमत चालत नाही. हा नियम मी फौजेत शिकले आणि बाहेर आल्यावर त्याच्याइतका शहाणा नियम मला कुठे दिसला नाही.

रामटेके मोजताना कानावर विसंबत नसे. बंकरच्या जमिनीवर डाव्या हाताचा तळवा टेकून बसायचा. म्हणायचा, "आवाज कुठूनही येते मॅडम. जमीन आपलीच हालते."

आदल्या संध्याकाळी स्टोअरमध्ये फ्यूज कापून झाल्या. चहा आला. दुसऱ्या दिवशी सहा पिट उडवायचे होते.

रामटेके म्हणाला, "साहब, कल मैं पहली गाड़ी से निकल जाता हूँ. पानी की टंकी वाली. पिट देख लूँगा."

तिवारी साहेबांनी कप खाली ठेवला. "और टीका?"

"कल रहने दो साहब."

"अरे रामटेके, नास्तिक हो गया क्या? फिर तेरा ऊपर कौन देखेगा?"

"ऊपर का आप देख लो साहब. नीचे गड्ढे का मैं देख लेता हूँ."

सगळे हसले. तिवारी साहेबही हसले. मी "ओके" म्हटलं. पिट लवकर तपासले जाणार असतील तर मला आनंदच होता. टिळ्याला नको का म्हणतोस, हे मी विचारलं नाही. माझा तो विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या वेळा माझ्या फील्ड नोटबुकमध्ये आहेत. ती वही माझ्याकडे आहे.

०६०० ला पहिली गाडी रामटेकेला घेऊन निघाली. ड्रायव्हर, आठ जवानांतलाच एक, त्याला पिटवर सोडून लगेच फाटकाशी परतला. ०७१५ ला आम्ही बाकीचे देवळाशी पोचलो. नारळ, टिळा. दहा कपाळं. ०७४० ला पिटवर. गोळे आदल्या दिवशीच रचलेले होते. ०८४५ पर्यंत स्फोटकं आणि फ्यूज बांधून झाल्या. ०८५२ ला फ्यूज पेटवल्या. चालत बंकरमध्ये आलो. फ्यूज पेटवल्यावर पळायचं नसतं. पळणारा पडतो.

पहिला स्फोट ०९०२ ला. मग मिनिटा-मिनिटाने. शेवटचा ०९०७ ला. मी वहीत सहा लिहिलं. तिवारी साहेबांनी सहा लिहिलं.

"सिक्स," मी म्हटलं.

"छह. जय माता दी," तिवारी साहेब म्हणाले आणि उठले. मागे जवान उठायला लागले. सगळं उडालं की पार्टीने जाऊन विखुरलेले तुकडे तपासायचे, गोळा करायचे. त्याला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात.

रामटेके उठला नाही. डावा हात जमिनीवरच होता. उजव्या हाताने त्याने वहीत आकडा लिहिला.

"पाच," तो म्हणाला.

"क्या पाँच? सबने छह सुने," तिवारी साहेब म्हणाले.

"सुने तो मैंने भी छह, साहब. चौथा अपना नहीं था." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "चौथ्याला जमीन नाही हालली मॅडम. सकाळी मी एकटा पिट पाहून राहिलो होतो, तं पलीकडच्या टेकडीवर खदानीची लाल झंडी लागली. सातला पाच कमी होते. तो आवाज खदानीचा आहे."

टेकडीपलीकडे गिट्टीची खदान होती. त्या दिवशी ब्लास्टिंग असलं की ते सकाळीच थोडा वेळ लाल झेंडा लावून ठेवत. आम्ही आलो तोवर तो उतरवलेला होता. आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता.

तिवारी साहेब चिडले. "मैडम, इसको वहम है. धूप चढ़ रही है. चलें?"

मला स्वतःला सहा ऐकू आले होते. मी लिहिलेही होते. पण नियम नियम होता. मी सहावर काट मारली आणि शेजारी पाच लिहिलं. त्याखाली लिहिलं, "हव. रामटेके. खदान, लाल झेंडा, ०६५५."

वायरलेस उचलला.

"बेस, बंकर. सिक्स पिट्स. काउंट फाइव्ह. मिसफायर. ओव्हर."

"बंकर, बेस. से अगेन काउंट. ओव्हर."

"फाइव्ह. आय से अगेन, फाइव्ह. वेटिंग थर्टी मिनिट्स. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मिसफायर झाला, म्हणजे एखादा पिट न उडता राहिला, की अर्धा तास कोणी हलायचं नाही. मग एकच माणूस पुढे जातो. एक धोका, एक माणूस. अर्धा तास आम्ही बंकरमध्ये बसलो. तिवारी साहेब पुटपुटत होते. एक जवान शेजाऱ्याला म्हणाला, "आज रामटेके साहब ने नाश्ता ठंडा करवा दिया." रामटेकेने ऐकलं. "ठंडा खा ले बेटा. गरम खाने को ज़िंदा तो है," तो म्हणाला.

पुढे जाण्याची पाळी त्याची होती. पाळी बदलण्याचा अधिकार माझा होता. मी बदलली नाही. बदलण्याचं कारण नव्हतं, आणि आजही मला ते सापडत नाही. तरी हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"मोजणी माझी, तं पाहून येतो मीच," म्हणत त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला.

०९३८ ला तो निघाला. ०९४४ ला चौथा पिट उडाला.

या वेळी जमीन हालली. आम्हा सगळ्यांना कळलं.

कोर्ट ऑफ एन्क्वायरीत निघालं ते असं. फ्यूज सदोष होती. विझली नव्हती, आतल्या आत धुमसत होती. अशी फ्यूज क्वचित निघते. अर्धा तास तिला पुरला नाही. कोणाची चूक नाही, असा निष्कर्ष आला. त्यानंतर आमच्या युनिटने थांबण्याची वेळ एक तास केली. सहा महिन्यांनी माझी बदली झाली.

आता साधं गणित. ०९४४ ला तो पिट उडणारच होता. आम्ही सहा धरून ०९१० ला निघालो असतो तर ०९४४ ला अकराच्या अकरा जण त्या पिटांमध्ये वाकून तुकडे उचलत असतो. दहा जण वाचले, कारण एका माणसाने पाच मोजले आणि त्यावर तो अडून बसला. यात समजायला अवघड काही नाही.

नोकरी संपवून मी जबलपूरलाच परत आले. मदन महलजवळ घर घेतलं. एका खासगी कारखान्यात सेफ्टीचं काम बघते. फाटकाकडे कधी गेले नव्हते.

गेल्या महिन्यात फोन आला. "मैडम, हम मंदिर समिति से बोल रहे हैं. इस बार भंडारे में आप मुख्य अतिथि. आप तो साक्षात प्रमाण हैं."

"किसका प्रमाण?"

"माँ का, मैडम! दस लोग बचे थे न आप. सब जानते हैं."

मी रविवारी स्कूटर काढली आणि गेले. देऊळ आता मोठं झालंय. फरशी, शेड, नळ. दारात निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: "माँ का साक्षात प्रमाण. यहाँ माँ ने विस्फोट में दस वीर जवानों के प्राण बचाए."

नारळ विकणारी बाई होती. मी तिला विचारलं, "दीदी, ये क्या किस्सा है?"

"अरे, बहुत बड़ा चमत्कार हुआ था. ग्यारह जवान थे. दस ने टीका लगवाया, दसों बच गए."

"और ग्यारहवाँ?"

"अकड़ू था. बोला, मुझे नहीं लगवाना. उसी दिन, बस उसी एक दिन नहीं लगवाया. उसी दिन गया. अब बताओ, इससे बड़ा सबूत क्या होगा? नारियल दूँ?"

"नहीं," मी म्हटलं.  निघाले. स्कूटर दोनदा बंद पडली.

त्या बाईचा राग नव्हता. तिने जे ऐकलं ते ती सांगत होती. राग होता तो ते पहिल्यांदा सांगणाऱ्याचा. आणि एक गोष्ट मला टोचत होती. तिचा पुरावा दिसायला बरोबर होता. दहांनी टिळा लावला, दहा जगले. एकाने नाही लावला, एक गेला. रामटेकेने त्याच एका दिवशी नाही लावला, हेही खरं होतं. का नाही लावला, हे मला अजूनही माहीत नव्हतं.

रामटेकेची बायको, वंदनाताई, जबलपूरलाच राहते. एका सरकारी शाळेत नोकरी करते. मी परत आल्यापासून वर्षाकाठी एक-दोनदा तिच्याकडे जाते. चहा पिते, शाळेबद्दल बोलतो, निघते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मी ते शिस्त समजत होते. खरं म्हणजे तो भित्रेपणा होता.

फाटकावरून मी थेट तिच्याकडेच गेले. दार पल्लवीने उघडलं. रामटेकेची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची होती, आता बँकेत आहे. मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत देते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी रामटेकेचा युनिफॉर्ममधला फोटो.

मी बसल्या बसल्या बोर्डाचं सांगितलं. वंदनाताईचा चेहरा हालला नाही.

"मले माहीत आहे तो बोर्ड," ती म्हणाली.

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खरंच आहे ते."

"काय खरं आहे?"

ती उठून आत गेली. पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "आंटी, मम्मी को लगता है पापा उसकी वजह से गए."

"काहून सांगून राहिली तू?" वंदनाताई दारातूनच ओरडली. मग बाहेर आली, पदराला हात पुसत. आणि उभ्या उभ्याच बोलली.

"ते लावून घ्यायचे टिळा. दर वेळी. मीच म्हटलं आदल्या दिवशी. आपल्यात नाही ना हे, मंग साहेबाच्या मनासाठी काहून कपाळ पुढं करता? पोरगी मोठी होऊन राहिली, ती पाहते. एक दिवस नाही म्हणा. ते म्हणाले, भांडण नको, मी लवकर निघून जातो म्हणजे विषयच नाही. अन् गेले." तिने फोटोकडे बघितलं. "माझा देवावर विश्वास नाही, मॅडम. अठरा वर्षं मी स्वतःला हेच सांगून राहिली. पण असा पुरावा समोर दिसला तं माणूस काय करन? मी नसतं म्हटलं तं ते असते."

पुरावा. अठरा वर्षं ही बाई त्या शब्दाखाली दबून जगत होती. तिचा देवावर विश्वास नव्हता, आणि त्या बोर्डाने तिच्याकडून देवाची भीती वसूल केली होती.

मी पिशवीतून नोटबुक काढलं. फाटकावर जाताना सोबत घेतलं होतं. पान उघडून तिच्या हातात दिलं. सहावरची काट, शेजारी पाच, आणि खालची ओळ.

"ताई, ही ओळ वाचा. वेळ किती आहे?"

"सहा पंचावन्न."

"आम्ही बाकीचे सव्वासातला देवळाशी होतो. आम्ही पिटवर पोचलो तोवर खदानीचा झेंडा उतरला होता. तो टिळ्यासाठी थांबला असता तर त्यालाही दिसला नसता. मग चौथ्या आवाजाला जमीन हालली नाही तेव्हा तो काय म्हणाला असता? वहम असेल, भास झाला असेल, असंच. मीही तेच म्हटलं असतं. आम्ही सगळे निघालो असतो. तोही." मी श्वास घेतला. "तुम्ही त्याला लवकर पाठवलंत म्हणून त्याने झेंडा पाहिला. मी तुमच्यासमोर बसले आहे ती त्यामुळे. हे मलाही आज कळतंय. तो लवकर का गेला, हे मी कधी विचारलंच नव्हतं."

तिने काट मारलेल्या सहावर बोट ठेवलं. रडली नाही.

"तुम्ही सहा लिहिले होते?" तिने विचारलं.

"हो."

"मंग काटले काहून?"

"त्याने पाच म्हटलं म्हणून."

तिने मान हलवली. पल्लवीने चहा आणला. तो आम्ही प्यायलो.

देवळाच्या भंडाऱ्याला, त्या महाप्रसादाला, मी गेले. मुख्य अतिथी म्हणूनच गेले. वंदनाताई आणि पल्लवी माझ्यासोबत होत्या, मागच्या रांगेत बसल्या. पहिल्या रांगेत तिवारी साहेब. रिटायर होऊन पनागरला राहतात, केस पांढरे झालेत, काठी आली आहे. मला बघून उठले. "जय हिंद मैडम." समितीचे अध्यक्ष तेच. बोर्ड त्यांनीच लावलेला. चमत्काराची गोष्ट पहिल्यांदा सांगणारेही तेच.

माईक दिला गेला. मी वही उघडली. हिंदीत बोलले, इथे मराठीत लिहिते.

मी फक्त वेळा वाचल्या. ०६५५, लाल झेंडा. ०७१५, टिळा. ०९०७, शेवटचा आवाज. "माझ्या वहीत इथे सहा लिहिलं आहे, आणि ते चुकीचं आहे. हवालदार सुखदेव रामटेके यांनी पाच मोजले. ०९३८ ला ते एकटे पुढे गेले. ०९४४. आम्ही दहा जण त्यांच्या मोजणीमुळे जिवंत आहोत."

कुजबुज सुरू झाली. माईकवाला पुढे आला. "मैडम, ये आस्था का विषय है."

"आस्था असेल तर मी एक शब्द बोलणार नाही," मी म्हटलं. "माझ्या घरी मी रोज दिवा लावते, त्याचा हिशोब कोणी विचारला तर मी त्याला दार दाखवीन. पण तुम्ही बोर्डावर आस्था लिहिलेली नाही. प्रमाण लिहिलं आहे. प्रमाण म्हटलं की मग सगळं मोजावं लागतं. झेंडा मोजा. खदान मोजा. अकरावा माणूस मोजा. सोयीचे दहा घेतले आणि एक सोडला, याला प्रमाण म्हणत नाहीत. माझ्या पार्टीत अशी मोजणी कोणी केली असती तर मी त्याला रेंजवर पाऊल ठेवू दिलं नसतं."

"देवी माँ का अपमान हो रहा है!" मागून कोणी तरी ओरडलं.

"देवीचा अपमान हा बोर्ड करतो," मी म्हटलं. "ज्या माणसाने दहा जणांना वाचवलं, त्याला टिळ्यासाठी मारणारी देवी तुम्ही यावर रंगवली आहे. माझ्या आईच्या देव्हाऱ्यात अशी देवी नाही."

दोघे-तिघे उठून उभे राहिले. एकाने माईकची वायर ओढली. तेवढ्यात तिवारी साहेब काठी टेकत उठले. सगळे गप्प झाले, कारण आता ते मला गप्प करतील असं वाटलं होतं. मलाही तेच वाटलं होतं.

माईक बंद होता. ते तसेच बोलले.

"मैडम ठीक कह रही हैं. मैंने भी छह गिने थे." त्यांनी काठीवर दुसरा हात ठेवला. "मैं खड़ा हो गया था. मैंने कहा था, चलें. रामटेके नहीं उठा."

आणि बसले.

कार्यक्रम तिथेच मोडला. लोक जेवायला गेले. तिवारी साहेब खुर्चीतच होते. मी जवळ गेले. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

"साहब, अठरा वर्षं. त्याच्या बायकोने हा बोर्ड वाचला. मुलीने वाचला."

"मैडम," ते म्हणाले, "मैं दस लड़कों को लेकर उस गड्ढे में जा रहा था. ये मैं रोज़ सोचता तो पागल हो जाता. माँ ने बचाया, ये सोचा तो नींद आई."

"तुम्हाला झोप हवी होती, ते मी समजते. ती घरात घ्यायची होती. बोर्ड लावून नाही."

 वंदनाताई माझ्या मागे येऊन उभी होती. त्यांनी तिला ओळखलं. उठायला गेले, काठी निसटली. तिने ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"बहनजी," ते म्हणाले. 

"वो आपका मन रखते थे साहब," ती म्हणाली. "हर बार. बस एक दिन नहीं रखा."

मग ती निघाली. आम्ही मागोमाग. माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही. ते तिचं आहे.

बोर्ड अजून तिथेच आहे. समिती म्हणते, बैठक घेऊ. तिवारी साहेबांनी अध्यक्षपद सोडलं, असा निरोप आला. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने मला फोनवर सांगितलं, "मैडम, लोगों की श्रद्धा है, शब्द बदलने से क्या होगा?" मी म्हटलं, "शब्दानेच सगळं झालं आहे. श्रद्धा लिहा. मी सही करून देते. प्रमाण पुसा." तो म्हणाला, विचार करतो. मी दर रविवारी फोन करते. मी दमणाऱ्यातली नाही.

वंदनाताईने नोटबुकच्या त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी दिली. परवा गेले तेव्हा ती रामटेकेच्या फोटोखाली फ्रेम करून लावलेली दिसली. ०६५५ च्या ओळीखाली तिने शाळेतल्या लाल पेनाने रेघ मारली आहे.

ज्यांना बोर्ड वाचायचा असेल त्यांनी खुशाल वाचावा. माझ्याकडे वही आहे. तिच्यातली नोंद इथे पूर्ण देते, म्हणजे कुठे तरी ती छापलेली राहील.

हवालदार सुखदेव रामटेके. रेंजवर सगळ्यांत आधी पोचले. आवाज पाच मोजले. ०९३८ ला पुढे गेले. परतले नाहीत. बाकीचे दहा परतलो.